एकतिसाव्या ओळीतली सही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला बघावा लागणार नाही — एवढाच माझा धीर. कुवेतच्या सलवा भागातल्या या फ्लॅटमध्ये दुपारी मी एकटाच असतो, तरी दार आतून लावून घेतलंय. जिन्यात पाऊल वाजलं की हात आपोआप कागदावर जातो. या मजल्यावर मराठी वाचणारं कोण आहे? कुणीही नाही. पण हात जातो.

माझी जर्मनीची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. कुवेतमधल्या मराठी घरांत ती मी इतक्या वेळा सांगितली आहे की पुढचं वाक्य माझ्याआधी ऐकणारेच म्हणतात. बाम्बेर्ग नावाचं जुनं गाव. नदीच्या मधोमध, पुलावरच उभी असलेली नगरपालिकेची जुनी इमारत. तिच्या भिंतीभर चित्रं, आणि एका चित्रातल्या बाळदेवदूताचा पाय भिंतीतून खराखुरा बाहेर आलेला — तुमच्या डोक्यावर लोंबणारा गुबगुबीत पाय. चार मनोऱ्यांचं चर्च. आत दगडाचा एक घोडेस्वार, शेकडो वर्षं तसाच बसलेला, आणि तो नक्की कुणाचा हे तिथल्या लोकांनाही सांगता येत नाही. पाण्याला टेकलेली कोळ्यांची घरं. मग काळ्या पडलेल्या तुळयांची खाणावळ, धुराच्या वासाची बिअर आणि खिमा भरलेला हा एवढा मोठा कांदा. गोष्ट कांद्यापाशी आली की गणपतीला जमलेल्या बायका हसायच्या. "म्हणजे जर्मनीला जाऊन शेवटी भरली वांगीच खाल्लीत की, भावोजी." मीही हसायचो.

तुम्हाला वाटेल, हा आता बिअरचं आणि डुकराच्या खिम्याचं कबूल करणार. ते मी केलं. प्यायलो, खाल्लं, आवडलं. त्यासाठी कुणी दार लावून बसत नाही.

मी कोण ते आधी सांगायला हवं. नाशिकला शिकत होतो तेव्हापासून, म्हणजे नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हापासून मी पत्रकं लिहायचो. एखाद्या कारखान्याच्या टाकीत माणूस गुदमरून मेला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला गेटवर आमचं पत्रक असायचं. 'हा अपघात नाही, हा खून आहे' — अशी वाक्यं मी विशीत लिहायचो आणि एका बैठकीत लिहायचो. खुनी कोण ते मला पक्कं ठाऊक असे. टाय लावून बसलेला, न बघितलेल्या कागदावर सही ठोकणारा अधिकारी. तो घरी जाऊन जेवतो कसा, झोपतो कसा, असा प्रश्न मी छापील अक्षरांत विचारायचो. आता मला माहीत आहे. जेवतो. झोपतोही.

मग नोकरी लागली आणि कुवेत. इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, दक्षिणेकडच्या वाळवंटातला गॅसचा प्लांट, महबूला या कामगारवस्तीतून कंपनीच्या बसने तासाभराचा रस्ता. इथे असली पत्रकं वाटणं म्हणजे पकडलं तर इकामा, इथला राहायचा परवाना, रद्द आणि पुढच्या विमानाने घरी — तेही नशीब चांगलं असेल तर. तरी मी वाटली. घाबरत घाबरत वाटली. एका पानाची, हाताने लिहिलेली. महबूल्यातल्या एका बकाल्यात, किराणा दुकानच ते, कोपऱ्यात झेरॉक्सचं मशीन होतं. तिथे प्रती काढायच्या, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत तळाशी घालायच्या आणि कोकणातल्या फिटर लोकांच्या खोल्यांवर पोचवायच्या. त्यातल्या एका पत्रकात मी लिहिलं होतं: 'खड्ड्यात उतरण्याआधी तीन प्रश्न विचारा. गॅसचा भोंगा तपासला का? कुणी तपासला? त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं का? साहेब असो की साहेबाचा बाप, तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय शिडीवर पाय ठेवू नका.'

हे सगळं माझं. कुणाकडून ऐकलेलं नाही, कुठून घेतलेलं नाही.

इराकवर अमेरिकेचं युद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या प्लांटवर गॅसगळती ओळखणारी नवी यंत्रणा घ्यायचं ठरलं. ठिकठिकाणी बसवायचे अठ्ठेचाळीस सेन्सर, कंट्रोल रूममध्ये एक पॅनेल आणि भोंगे. माल जर्मनीचा. अशा मालाची एक रीत असते. घेणाऱ्याचा माणूस कारखान्यात जातो. त्याच्यासमोर प्रत्येक सेन्सरवर नळीने थोडासा गॅस सोडतात, भोंगा वाजतो, आणि तो माणूस कागदावर त्या सेन्सरच्या ओळीत सही करतो — मी पाहिलं, म्हणून. अठ्ठेचाळीस सेन्सर, अठ्ठेचाळीस ओळी, दोन दिवसांचं काम. आणि दुसरा दिवस कसा जातो हेही आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. आमचे साहेब पुण्याचे, अशा कामांना तीन-चारदा जाऊन आलेले. निघताना म्हणाले, "कॅमेरा घे रे बरोबर. दुसऱ्या दिवशी ते लोक गाव दाखवतात. नाही म्हणू नकोस, वाईट दिसतं."

पहिल्या दिवशी मी कुणाची गय केली नाही. एका सेन्सरचा भोंगा उशिरा वाजला, तर तीनदा पुन्हा करायला लावलं. कारखान्यातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. संध्याकाळपर्यंत वीस झाले. हे का सांगतोय? काम मला येत होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून. पुढे जे झालं ते न कळून झालं असं कुणी म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हॉटेलवर गाडी आली ती कारखान्याच्या रस्त्याला लागलीच नाही. यजमान साठीचा, हसरा, फार सभ्य माणूस होता. म्हणाला, उरलेले अठ्ठावीस आमचे लोक तपासून ठेवतील, आज तुम्ही पाहुणे. मी 'नाही' म्हणू शकलो असतो. भीड पडली, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मला जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा युरोप बघत होतो आणि एक अख्खा दिवस भोंग्यांच्या आवाजात घालवायची मला इच्छा नव्हती. एवढंच कारण. याच्यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं.

मग ते गाव. अकरा वाजून गेल्यावर आम्ही पुलावर होतो. देवदूताच्या पायाखाली मला उभं करून यजमानानेच फोटो काढला. राजवाड्याच्या गुलाबबागेतून लाल कौलं दिसली, राजापूर-देवगडकडे असतात तशीच, फक्त एकाला एक चिकटून. एक वाजता खाणावळ. कांदा टेबलावर आला आणि त्याच्या पाठोपाठ कारखान्याचा ड्रायव्हर कागद घेऊन आला. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, स्वच्छ टाइप केलेले. ओळ एकवीस ते अठ्ठेचाळीस. प्रत्येक ओळीत वेळ आधीच भरलेली. एकतिसाव्या ओळीत होतं अकरा-वीस. यजमानाने माझी प्लेट हळूच बाजूला सरकवली, रस्सा कागदावर सांडू नये म्हणून. पेनही त्याचंच. अठ्ठावीस सह्यांना किती वेळ लागतो? तीन मिनिटं. कांदा अजून गरम होता.

थांबतो जरा. खाली कुणाचीतरी गाडी आली.

यंत्रणा कुवेतला आली, बसली. बसवल्यावर सगळे सेन्सर पुन्हा तपासायला हवे होते. पण मुदत भरत आली होती आणि कारखान्यात एकूण एक सेन्सर तपासल्याचा, माझ्या सहीचा कागद फाइलमध्ये होता. त्या कागदाच्या जोरावर नमुन्यादाखल सहाच तपासायचं ठरलं. एकतीस नंबर त्या सहांत नव्हता. एकतीस नंबर एका व्हॉल्व्हच्या खड्ड्यात होता. दोन पुरुष खोल, काँक्रीटचा खड्डा, उतरायला लोखंडी शिडी.

आता दत्तारामदादा. देवगडकडचा फिटर, पंचेचाळिशीचा, महबूल्यात सहाजणांच्या खोलीत राहायचा. माझं ते पत्रक त्याने पलंगाशेजारच्या भिंतीला चिकटवलं होतं. बाकीचे त्याची थट्टा करायचे — "काय रे दत्त्या, परीक्षेक बसतलंस काय?" — पण तो तिन्ही प्रश्न पाठ म्हणून दाखवायचा, आणि मी खोलीवर गेलो की मला खुर्ची द्यायचा. मीच लिहितो ती पत्रकं, हे फक्त त्याला माहीत होतं; बाकीच्यांना वाटे, मी नुसता पोचवतो. त्याने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. माझा इकामा त्याच्या तोंडावर अवलंबून होता, असं म्हटलं तरी चालेल.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी त्या खड्ड्यातल्या व्हॉल्व्हचं काम होतं. कमरेला लावायचं छोटं गॅसमापक यंत्र आमच्याकडे तीन टोळ्यांत एक असायचं आणि ते तेव्हा दुसऱ्या टोळीकडे होतं. म्हणून भिस्त सगळी भोंग्यावर. मी वर उभा होतो. दत्तारामदादाने शिडीवर एक पाय ठेवला, माझ्याकडे पाहिलं, जरासा लाजून हसला — माझेच प्रश्न मला विचारायचे म्हणून — पण विचारलेच.

"साहेबानू, भोंगो तपासलो ना?"

मी म्हटलं, हो.

"कोणी?"

मी.

"सोताच्या डोळ्यांनी बघितलात?"

इथे येण्यासाठीच मी एवढा वेळ गोल गोल फिरतोय. कागदावरची सही ही चूक होती, आळस होता, हाव होती, काय म्हणायचं ते म्हणा. पण या प्रश्नाला माझ्यासमोर एक जिवंत माणूस उभा होता, एक पाय शिडीवर ठेवून. तपासायचा गॅसचा छोटा सिलिंडर पन्नास पावलांवर गाडीत पडला होता. दहा मिनिटांचं काम. 'थांब दादा, एकदा पुन्हा बघून घेऊ' एवढं म्हणायचं होतं. पण पुन्हा का, असं कुणीतरी विचारलं असतं. जरा लांब चारजण उभे होते, आमचं बोलणं ऐकू न जाण्याएवढे लांब, पण काम थांबलेलं दिसेल एवढे जवळ. जर्मनीला जाऊन तपासून आणलंय ना, मग पुन्हा का? त्या प्रश्नाची मला भीती वाटली. माणूस मरेल याची नाही वाटली, त्या प्रश्नाची वाटली.

मी म्हटलं, "हो दादा. जर्मनीत. एकूण एक माझ्यासमोर वाजवून घेतलाय."

"मग झाला," तो म्हणाला आणि उतरला.

त्या गॅसला सडक्या अंड्यांचा वास येतो. थोडा असला तर. जास्त झाला की आधी नाकच मरतं, वास येणं थांबतं, आणि माणसाला वाटतं गेला वाटतं वास. खालून पान्याचा आवाज येत होता. मग येईना. मी हाक मारली. भोंगा वाजला नाही. एकाने मास्क चढवून उडी घेतली, दोघांनी दोर सोडला, त्याला वर ओढला. आणि मी? मी मदत आणायला धावलो असं त्या लोकांना वाटलं असेल. मी कंट्रोल रूमकडे धावलो. एकतीस नंबरचा दिवा बघायला. दिवा हिरवा होता. सगळं ठीक आहे, असं सांगत होता.

तो जगला. अकरा दिवस सरकारी दवाखान्यात अर्धवट शुद्धीत होता. मी रोज जायचो, ड्यूटी संपली की थेट. महबूल्यात माझं नाव झालं — साहेब असावा तर असा, सख्खा भाऊ नाही बसणार असा बसतो. मी कशासाठी बसत होतो सांगू? त्याने तोंड उघडलं तर पहिला शब्द माझ्या कानावर पडावा म्हणून. दुसऱ्या कुणाच्या आधी. साहेबांनी मला सांगितलं होतं, साहेबांनी बघितलं होतं — असं तो चौकशीवाल्या माणसासमोर बोलला तर काय, ही भीती. आणि आता लिहितोच आहे तर लिहितो: त्याला बोलता येऊ नये, असं मला वाटलं. एकदा नव्हे. त्या खुर्चीवर बसून, त्याच्या उशाशी, रोज वाटलं.

त्याच दिवसांत मी एकटा जाऊन एकतीस नंबरवर गॅस सोडून पाहिला. भोंगा वाजला नाही. सेन्सर मेलेला होता. मी नवा बसवला, जुना भंगारात टाकला आणि रजिस्टरमध्ये 'नेहमीची देखभाल' असं लिहून खाली सही केली. कारखान्यात तो तपासला होता का? असेलही. कदाचित जहाजात बिघडला असेल, कदाचित इथल्या उन्हाने. ते मला कधीच कळणार नाही, कारण अकरा-वीसला मी पुलावर उभा राहून फोटो काढून घेत होतो.

आणि फोटो. माझ्या कॅमेऱ्यात फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख आणि वेळ छापून यायची. पुलावरच्या फोटोवर आकडे होते — अकरा वाजून चौदा मिनिटं. तोच दिवस. अल्बम कपाटात होता, साऱ्या सलव्याने बघितलेला. मी कात्री घेतली आणि एकेका फोटोचा कोपरा कापला. बायकोने विचारलं, हे काय? म्हटलं, कोपरे गोल केले की जुन्या फोटोंसारखे दिसतात. ती म्हणाली, "गोल कुठे झालेत, उंदराने कुरतडल्यासारखे झालेत." पुढच्या गणपतीला कुणीतरी पुन्हा म्हणालं, जर्मनी सांगा ना. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. मी सांगितली. पूल, पाय, घोडेस्वार, कांदा. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, पण गोष्ट रंगली.

दत्तारामदादा शुद्धीवर आला तेव्हा तो दिवस त्याच्या डोक्यातून पुसला गेला होता. त्याच्या आधीचा आठवडाही. हात थरथरायचे, बोलता बोलता शब्द हरवायचा आणि मग तो समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. मी जिन्याने खाली आलो, चहा घेतला आणि तो चहा मला चांगला लागला. हेही लिहायला हवं.

मग चौकशी. भोंगा का वाजला नाही? चौकशीवाल्यांनी एकतीस नंबरवर गॅस सोडला तर तो वाजला; तो मी बसवलेला नवा होता. कुणीतरी सुचवलं: रंगकाम चालू असताना सेन्सरवर रंग उडू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधतात आणि काढायची विसरतात. त्या खड्ड्यात आधल्या आठवड्यात रंगकाम झालं होतं. टोळीत दत्ताराम होता. पिशवी कुणालाही सापडली नव्हती, कुणी पाहिली नव्हती. पण सगळ्यांना ती पिशवी आवडली. मला विचारलं, कारखान्यात सेन्सर तपासला होता? मी कागद पुढे केला. एकतिसावी ओळ, वेळ, सही. मग राहिलं काय? पिशवी. अहवालात लिहिलं गेलं — कामगाराचा निष्काळजीपणा. या दोन शब्दांच्या मी नाशिकला किती चिंध्या केल्या होत्या. कामगार गाडला की हेच दोन शब्द त्याच्यावर मातीसारखे लोटतात, असं लिहायचो. तो अहवाल वाचून मला हायसं वाटलं. उपस्थित म्हणून मी त्याच्यावरही सही केली.

त्यानंतर मी एकही पत्रक लिहिलं नाही. खोल्यांवरचे लोक विचारायचे, नवीन काही? मी म्हणायचो, सध्या पोलीस फार आहेत.

मी अजून याच कंपनीत आहे. तो कागद अजून फाइलमध्ये आहे, माझ्या टेबलापासून तिसऱ्या कपाटात. कुणी त्या कपाटाशी उभं राहिलं की मी फोन उचलून बोलल्यासारखं करतो. हे छापून आलं तर काय होईल याची मला भीती वाटते. वाटते म्हणून सांगितलं, तुम्ही त्यावर काही म्हणावं म्हणून नाही.

एकच राहिलं.

दत्तारामदादाला घरी पाठवायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी मी महबूल्याला त्याच्या खोलीवर गेलो. खोका दोरीने बांधून दाराशी ठेवला होता. खोलीतला एकजण खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत होता, त्याच्या बोटांना जमत नव्हतं म्हणून. मला बघून तो उठायला लागला. मी बस म्हटलं. तो काहीतरी बोलायचं ठरवून बसला होता, ते दिसत होतं, पण शब्द गोळा करायला त्याला वेळ लागला.

"साहेबानू, ती पिशवी," तो म्हणाला. "माका आठवत नाय. पण माझ्याकडसूनच रवली असतली. तुमी एवढा सगळा तपासून आणलेला. माझ्यापायी तुमचा नाव खराब झाला." मग म्हणाला, "माफी करा."

खोलीत पाच माणसं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. अहवाल लिहून झाला होता, कंपनीने प्रकरण मिटवलं होतं, त्या खोलीत माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या जिभेला ते सापडत होतं, त्याच्यासारखे माझे शब्द हरवलेले नव्हते.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "जाऊ दे दादा. होतं माणसाकडून. मी मनात काही ठेवलेलं नाही."

त्याने माझे दोन्ही हात आपल्या थरथरत्या हातांत घेतले आणि कपाळाला लावले. मी ते लावू दिले. जिना उतरताना त्याचा एक हात धरून मीच त्याला खाली आणलं, गाडीत बसवलं, आणि गाडी सुटेपर्यंत तो खिडकीतून माझे आभार मानत होता.